तिसरी केस

लिंबाजी खंदारेला बँडमधून मी हाक मारून आत बोलावलं. दुसऱ्या कुणी नाही.

ठाण्यासमोर तेव्हा मिरवणूक थांबली होती. हातगाड्यावर नवी कोरी स्कूटर, आरशांना झेंडूच्या माळा आणि वर कापडी फलक: 'रुग्णवाहिका निधी भव्य बक्षीस सोडत. शासनमान्य.' सोडतीचे आयोजक मुरलीशेठ पांढऱ्या टोपीत, दोन्ही हात जोडून, जणू ती स्कूटर ते सगळ्या गावाला फुकट वाटणार होते. त्यांच्या पुढे ब्रास बँड, आणि बँडच्या पहिल्या ओळीत लिंबाजी. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, गाल फुगवून क्लॅरोनेट वाजवत होता. भर बारा वाजता सगळा बाजार ते बघायला उभा होता.

मी आत टेबलाशी घामाघूम झालो होतो. महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि जुगाराची एक केस कमी पडत होती.

ही कमी पडण्याची भानगड सांगायला हवी. मी गव्हाणे, त्या ठाण्याचा रायटर जमादार. फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं माझ्या हातचं. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा गर्वही होता. वरून दर महिन्याला विचारणा व्हायची, जुगाराच्या किती कारवाया केल्या? गावातला सगळा मटका मुरलीशेठचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण शेठना हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. शेठ दर महिन्याला दोन माणसं पाठवायचे. डमी आरोपी. ती सकाळी येऊन बाकावर बसायची, मी पंचनामा लिहायचो, दुपारी कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणायची. दंड शेठचा माणूस भरायचा आणि संध्याकाळी ती चार दिवसांची मजुरी खिशात घालून घरी जायची. साहेबांचा आकडा भरला, शेठचा धंदा चालू राहिला, सरकारला दंड मिळाला. साप जिवंत, काठी शाबूत.

लिंबाजी त्यातलाच एक. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्यांची चूल थंड पडते, तेव्हा तो केसला बसायचा.

"लिंबाजी, जरा आत ये."

तो क्लॅरोनेट बगलेत मारून पायऱ्या चढला. "आत्ता? गाणं अर्ध्यात सोडून आलो सायेब. आज तर महादूची पाळी व्हती ना?"

"महादूला ताप भरलाय. तू बस."

"शेठला इचारलं का?"

"शेठ बाहेर मिरवतायत. त्यांना काय विचारायचं? बस तू."

तो बसला. मी रजिस्टर उघडलं. त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं मारलेल्या दोन बारीक रेघा होत्या. त्या मी पाहिल्या. मग रजिस्टर मिटलं आणि कागदांत कार्बन घातला. त्याचं नाव, बापाचं नाव, वय, पत्ता मला पाठ होता. नवा माणूस शोधायचा तर सगळं विचारत बसावं लागलं असतं, आणि मला जेवायला घरी जायचं होतं.

"झाड कोणतं लिवता?" लिंबाजीनं विचारलं.

"पिंपळ."

"पिंपळ मागल्या खेपेला झाला. आन पिंपळाखाली दिवसभर म्हातारी बसत्यात, एखादा म्हणायचा आमी तर न्हाई बघितलं. बाजारामागचा लिंब लिवा. तितं चिटपाखरू नसतं."

मी लिंब लिहिला. 'इसम नामे लिंबाजी ग्यानोबा खंदारे, वय ४४ वर्षे, हा दुपारी बारा वाजता लिंबाच्या झाडाखाली लोकांकडून कल्याण मटक्याचे आकडे घेत असताना मिळून आला.' आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि बॉलपेन माझ्या खणात तयारच असायचं. समोरच्या रसवंतीवाल्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं पंच म्हणून नेहमीसारख्या न वाचता सह्या केल्या. बाहेर बँड पुन्हा सुरू झाला, क्लॅरोनेटशिवाय.

"बरंच झालं की तुझं," मी म्हणालो. "एका दिवसात बँडची बिदागी आणि ही मजुरी."

"पायजेच हाय सायेब. कुशीचं लगीन धरलंय वैशाखात." कुशावर्ता ही त्याची एकुलती एक लेक. बायको सात वर्षांपूर्वी गेलेली. "कन्यादान भाऊ-भावजय करत्याल. बिगरबायकोच्या माणसाला त्यो मान न्हाई. मला नुसत्या अक्षता टाकायच्यात."

"अक्षता काय, कुणीही टाकतं."

"बँडवाला टाकत न्हाई." तो क्लॅरोनेटवरून हात फिरवत म्हणाला. "शेवटचं 'सावधान' झालं की लगीच वाजवावं लागतं. दोनी हात हिच्यावर. तीस वर्सं झाली, हजार लग्नं वाजवली आसतील, पर मपल्या हातनं कुणाच्या डोस्क्यावर तांदूळ पडला न्हाई. कुशीच्या लग्नात ही खुंटीला. मूठ भरून टाकणार. तुमी यायचं बरं का सायेब. पयली पत्रिका तुमाला."

कोर्टात जाताना त्यानं लाल कोट काढून घडी घालून काखेत धरला. न्यायाधीशासमोर बरं दिसत नाही म्हणाला. 'गुन्हा कबूल' हे मात्र त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. संध्याकाळी बाजारात सोडत निघाली आणि स्कूटरची चिठ्ठी आमच्याच इन्स्पेक्टर साहेबांच्या हस्ते काढली गेली.

दिवाळीनंतर ते साहेब बदलून गेले आणि पांचाळ साहेब आले.

पांचाळ साहेब प्रामाणिक होते. चहाचेसुद्धा पैसे द्यायचे. शेठचं पाकीट त्यांनी पहिल्याच दिवशी परत केलं, तेव्हा ठाण्यात सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मुरलीशेठ कसले हुशार. त्याच आठवड्यात त्यांनी मटका गुंडाळला आणि दुसऱ्या सोडतीची तिकिटं छापायला टाकली. तिची परवानगी त्यांच्याकडे सहीशिक्क्यासकट होती. साहेबांना बाहेर पकडायला कुणी सापडेना, म्हणून त्यांनी रेकॉर्ड मागवलं.

"जमादार, तीन वर्षांत जुगाराच्या तीन केसेस शाबीत झालेले आरोपी काढा. तडीपारीचे प्रस्ताव पाठवायचेत. दंड या लोकांना चिल्लर वाटतो. जिल्ह्याबाहेर काढल्याशिवाय सुधारणार नाहीत."

माझ्याआधीचे रायटर भालेराव जमादार मला चार्ज देताना एकच गोष्ट बजावून गेले होते. "गव्हाणे, एका माणसाला दोनदाच बसवायचं. शेठ पाया पडला तरी तिसऱ्यांदा नाही. तिसरी केस शाबीत झाली की तडीपारीचं कलम लागतं, आणि मग तुझ्या हातात काही राहत नाही." त्या पेन्सिलीच्या रेघा त्यासाठीच होत्या. सहा वर्षं मी तो नियम पाळला. मोडला तो भादव्यातल्या त्या एका दुपारी, जेवणाच्या वेळेला, रेघा डोळ्यांनी बघून. रजिस्टरभर शोधलं, तीन केसेसचं नाव एकच निघालं.

"साहेब, अगदीच किरकोळ माणूस आहे," मी म्हणून पाहिलं. "बँडवाला आहे."

"किरकोळ माणूस तीन-तीनदा सापडतो का? आणि तिन्ही वेळा तुम्हीच पकडलाय. चांगलं काम केलंत." साहेब थट्टा करत नव्हते.

नोटीस घेऊन मीच लिंबाजीच्या घरी गेलो. तो उंबऱ्यात बसून ब्लेडनं क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पट्टी तासत होता. आत कुशावर्ता भाकरी थापत होती. मी वाचून दाखवलं.

"तडीपार म्हंजी?"

"वर्षभर जिल्ह्याबाहेर राहायचं. हद्दीत पाय ठेवला तर जेल."

तो हसायलाच लागला. "आवो, पर केस तर खोटी व्हती."

"कोर्टात कबूल केलंस ना?"

"तसं म्हणायचं आसतं म्हणून तुमीच सांगितलं व्हतं की."

भाकरीचा आवाज थांबला. कुशावर्ता पिठाच्या हातांनी दारात आली. एकोणीस-वीस वर्षांची, बापासारखंच रुंद कपाळ. "काका, केस खोटी हाय हे तुमाला म्हाईत हाय ना?"

"हो."

"मंग तितं तसं सांगा. झालं."

तिला ते इतकं सोपं वाटत होतं. बघू, असं म्हणून मी निघालो.

सुनावणी प्रांतसाहेबांसमोर होती. पांचाळ साहेब खुर्चीवर, मी मागे फाईल घेऊन उभा. लिंबाजीनं वकील केला नव्हता. धुतलेला सदरा घालून तो एकटाच आला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही घोर नव्हता. त्याचं कारण मला कळत होतं, म्हणून मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

"तीन गुन्हे शाबीत आहेत," प्रांत म्हणाले. "तुझं काय म्हणणं आहे?"

"सायेब, म्या उभ्या जन्मात मटका खेळलो न्हाई. आन तिसऱ्या केसच्या दिशी तर बारा वाजता म्या ठाण्याम्होरं बँड वाजवत व्हतो. स्कूटरची मिरवणूक व्हती. समद्या गावानं बघितलं."

"गाव नको. साक्षीदार आहे का कुणी?"

"हाय की." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे जमादार. त्यांनीच मला बँडमधून हाक मारली. झाड कोणतं लिवायचं ते बी आमी दोघांनी मिळून ठरवलं. इचारा त्यांला."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. पांचाळ साहेब खुर्चीत वळले आणि माझ्याकडे पाहू लागले. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं होती. दोन मुलगे कॉलेजात. खोटे पंचनामे मी एक नाही, सव्वाशे-दीडशे लिहिले होते. एक खोटा म्हटला की सगळे उकलणार, नोकरी जाणार आणि वर मलाच आत बसावं लागणार. हे सगळं माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही. नोटीस दिली त्या रात्रीपासून मी याच हिशेबात होतो.

"जमादार?" प्रांत म्हणाले.

"पंचनामा खरा आहे, साहेब."

"आणि तो बँडमध्ये होता म्हणतो ते?"

"मिरवणूक होती साहेब. पण बँडमध्ये सगळे एकसारखे कोट घालतात. गर्दीत कोण होतं, कोण नव्हतं, ते सांगता येणार नाही."

लिंबाजी माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आलेला नव्हता. आपलं काही ऐकायला चुकलं असेल, मी पुढचं वाक्य बोलेन, याची तो वाट बघत होता. प्रांतांनी "ठीक आहे" म्हणून फाईल मिटली तरी तो तसाच उभा होता.

माघ संपता संपता हुकूम आला. एक वर्ष. आमचं ठाणं गोदावरीच्या काठी, पूल ओलांडला की दुसरा जिल्हा. तडीपार माणसाला हद्दीबाहेर सोडून यायचं असतं, तेही काम माझ्याकडेच आलं. जीपमध्ये लिंबाजीच्या मांडीवर एक पिशवी आणि कापडात गुंडाळलेलं क्लॅरोनेट होतं. पुलापलीकडे उतरल्यावर मी कागदावर त्याचा अंगठा घेतला.

"जमादार, एक इचारू? तुमी तितं खरं बोलला आसता तर तुमचं काय झालं आसतं?"

"नोकरी गेली असती."

"आन शेठचं?"

"शेठचं काही वाकडं झालं नसतं."

त्यानं थोडा विचार केला. "मंग बराबर हाय. तुमाला बी लेकरं हाईत." आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागला.

मला त्याचा संताप आला. माणसानं इतकं समजूतदार नसावं. चार शिव्या घातल्या असत्या, थुंकला असता, तर मी परत येताना जीपमध्ये काहीतरी बोलू शकलो असतो.

चैत्रात कुशावर्ता ठाण्यात आली. हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"बाबांनी सांगितलंय, पयली पत्रिका तुमाला द्यायची."

"कुठे आहेत?"

"नदीपल्याडच. तितल्या एका बँडमदी लागल्यात." ती उभीच होती. "एका दिवसाची परवानगी मिळती म्हणं. आर्ज लिवून द्या की, काका. तुमचं अक्षर चांगलंय."

अर्ज मी लिहून दिला. इतका मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. तो अर्ज फिरून आमच्याच ठाण्यात अभिप्रायाला आला. पांचाळ साहेबांनी दोनदा वाचला.

"माणसाची दया येते," ते म्हणाले. "पण तडीपार होऊन तीन महिने नाही झाले. आज लग्न, उद्या जत्रा, परवा आणखी काही. मग कायद्याला अर्थ काय राहिला? तुम्हीच सांगा. तुम्हाला काही वेगळं वाटतं का?"

साहेबांनी खरंच विचारलं होतं. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. आता सांगून टाकावं असं फार वाटलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

अर्ज नामंजूर झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी साहेबांनी मला साध्या कपड्यांत यायला सांगितलं. तडीपार आरोपी मांडवात येणार अशी बातमी त्यांना मिळाली होती. "आपल्याला दुसरं कुणी उपयोगाचं नाही, जमादार. मी त्याला एकदाच पाहिलाय. तुम्ही त्याला नखशिखान्त ओळखता."

मांडव शाळेच्या मैदानात होता. मुहूर्त बारा पस्तीसचा. ऊन मी म्हणत होतं. आम्ही मांडवाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिलो. दोन शिपाई मागच्या बाजूला. मी एकेक तोंड तपासत होतो आणि तो आला नसेल तर बरं, असं मनात म्हणत होतो. पाहुणे, आचारी, मुरलीशेठसुद्धा. त्यांनी आहेर म्हणून कुकर आणला होता.

मग बँड वाजायला लागला. कुशावर्ताच्या चुलत्यानं बँड नदीपलीकडून आणला होता. निळे कोट, कपाळावर ओढलेल्या टोप्या. दुसऱ्या ओळीत क्लॅरोनेट वाजवणाऱ्याचं तोंड टोपीत आणि फुगलेल्या गालांत हरवलं होतं. मला तोंड बघायची गरज पडली नाही. ते वाजवणं मी वीस वर्षं ठाण्याच्या खिडकीतून ऐकलं होतं.

बाप पोरीच्या लग्नात बँडवाला होऊन आला होता. बँडवाल्याचं तोंड कुणी बघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी गप्प राहिलो. हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो, कारण दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. दहा मिनिटं मी गप्प राहिलो आणि साहेबांना भलत्याच दिशेची माणसं दाखवत राहिलो.

अंतरपाट धरला गेला. बँड थांबला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मांडवात अक्षता फिरल्या, ताट बँडवाल्यांवरून तसंच पुढे गेलं, कारण त्यांना कुणी देत नाही. वाजवणारे वाद्यं तोंडाजवळ धरून शेवटच्या 'सावधान'ची वाट बघू लागले. फक्त एकाचं वाद्य खाली होतं. त्यानं क्लॅरोनेट काखेत धरलं, कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. अक्षता त्यानं घरून, म्हणजे नदीपलीकडून, आणल्या असणार. पाचव्या कडव्यापर्यंत ती मूठ छातीशी धरून तो उभा होता. बाकीच्यांसारखी अधूनमधून थोडी थोडी टाकतही नव्हता. सगळी शेवटच्या सावधानाला टाकायची होती.

"जमादार," पांचाळ साहेब हळूच म्हणाले, "तो बँडवाला वाजवायचं सोडून अक्षता घेऊन काय उभा राहिलाय?"

मी आचाऱ्यांकडे बघत राहिलो.

"दुसऱ्या ओळीतला. कोण आहे तो? नीट बघून सांगा."

मी नीट पाहिलं. सगळे एकसारखे कोट घालतात साहेब, सांगता येत नाही. तेच वाक्य होतं, प्रांतांसमोर बोललेलं. पुन्हा एकदा म्हणायचं होतं फक्त. सव्वाशे-दीडशे पंचनाम्यांत मी नसलेली झाडं उभी केली होती, नसलेल्या वेळा लिहिल्या होत्या, न बघणाऱ्यांना बघायला लावलं होतं. त्या दिवशी एका माणसाला 'तो हा नव्हे' एवढं म्हणायचं होतं. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. भीती म्हणा, सवय म्हणा. साहेबांनी विचारलं की मी उत्तर देतो.

"हो साहेब. लिंबाजीच आहे."

साहेबांनी मांडवात गडबड होऊ दिली नाही. मी मागून जाऊन लिंबाजीच्या दंडाला हात लावला. त्यानं वळून पाहिलं. मग अंतरपाटाकडे पाहिलं, तिथं कुशावर्ता खाली मान घालून उभी होती.

"एक कडवं ऱ्हायलंय, जमादार."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चला. लिंबाजीनं हात झाडला नाही की ओरडला नाही. ओरडला असता तर लग्न थांबलं असतं. आम्ही मैदानाच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मागे शेवटचं 'सावधान' झालं आणि बँड कडाडला. लिंबाजी क्षणभर थांबला, मग जीपमध्ये चढला.

ठाण्यात तो त्याच बाकावर बसला. मी कागदांत कार्बन घातला. तारीख लिहिली आणि नावाच्या जागी पेन टेकवून बसलो.

"लिवा," तो म्हणाला. "लिंबाजी ग्यानोबा खंदारे. वय आता पंचेचाळीस करा." मग कागदाकडे बघत म्हणाला, "ह्या टायमाला झाड न्हाई लागायचं."

पांचाळ साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी अंगझडती घ्यायला सांगितली. खिशात बिडीचं बंडल आणि पुलावरच्या एसटीचं तिकीट. क्लॅरोनेट एक. उजवी मूठ तो उघडत नव्हता.

"काय आहे हातात?" साहेबांनी विचारलं.

त्यानं टेबलावर मूठ सोडली. पिवळ्या अक्षता माझ्या कागदांवर पडल्या. इतका वेळ आवळून धरल्यामुळे घामानं त्यांचा गोळा झाला होता.

"ह्या बी लिवायच्या का सायेब?"

"अंगावर मिळालं ते सगळं लिहायचं," साहेब म्हणाले. पण ते खिडकीकडे बघत म्हणाले.

मी लिहिलं. 'उजव्या मुठीत हळदीच्या अक्षता, किंमत काही नाही.' ठिकाण खरं होतं, वेळ खरी होती, पंच खरोखर जागेवर होते. माझ्या सबंध नोकरीत शब्दन् शब्द खरा असलेला पंचनामा तो एवढाच. वाचून दाखवला तेव्हा लिंबाजी "बराबर हाय" म्हणाला आणि सवयीनं अंगठा पुढे केला.

अंगठ्याला हळद लागली होती. ठसा नीट उठला नसता, म्हणून मी त्याला हात धुऊन यायला सांगितलं.